एका वेळी एकच बदल

वर्षालीशी लग्न झालं तेव्हा गोपाल चाळिशीला टेकला होता आणि अवनी दहा वर्षांची होती. अवनी ही वर्षालीची पहिल्या लग्नाची मुलगी. तिचे वडील योगेश अकोल्याला वकिली करायचे. ती पहिलीत असताना ते काविळीने गेले. नंतरची काही वर्षं वर्षाली अकोल्यातच आईवडिलांकडे राहिली, तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवत राहिली. गोपालचं अमरावतीच्या बाजारात फळांचं दुकान होतं आणि मूळ घर शेंदूरजनाघाटला, जिथे त्याचे वडील पंजाबराव अजून संत्र्याची बाग सांभाळत होते. वर्षालीच्या वडिलांना, नारायणरावांना, फळवाला जावई पचायला जरा वेळ लागला. पण मुलीने ठरवलंच होतं म्हटल्यावर त्यांनी फार ताणलं नाही. लग्नानंतर मायलेकी अमरावतीला आल्या. वर्षालीला इथल्या शाळेत नोकरी मिळाली आणि अवनीचं नाव त्याच शाळेत घातलं.

अवनीने नव्या घरात काही म्हणजे काही त्रास दिला नाही. गोपालची अडचण तीच होती. ती वेळेवर उठायची, ताट उचलून ठेवायची, टीव्हीचा आवाज कमी करायची. त्याने सीताफळं आणली की "थँक्यू" म्हणायची, शाळेत सोडलं की "थँक्यू" म्हणायची. आणि त्याला हाक मात्र कशानेच मारायची नाही. "आई जेवायला बोलावतेय," असं दाराशी येऊन सांगायची, किंवा तो वळून बघेपर्यंत नुसती उभी राहायची. वाक्यातून हाक वगळून बोलायची तिला चांगलीच सवय झाली होती.

"एवढं थँक्यू तं गिऱ्हाईकही म्हणत नाई मले," गोपाल एकदा वर्षालीला म्हणाला. "पाहुनी राहून राहिली ते आपल्या घरात."

"वेळ द्या," वर्षाली म्हणाली. ती दुसरं काय म्हणणार?

दिवाळीनंतर अकोल्याहून शुभंकरचा फोन आला. शुभंकर अवनीच्या जुन्या वर्गातला. तिथलं एक विज्ञान मंडळ दर जानेवारीत लाकडी गाड्यांची शर्यत घेत असे. मंडळाकडून पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि आसाला चार खिळे मिळत. त्यातून गाडी करायची. मोटर नाही, सेल नाही, ढकलणं नाही. लाकडी उतारावरून गाडी सोडायची आणि पुढच्या सपाट पट्टीच्या टोकाला जी आधी पोचेल ती जिंकली. वजन दीडशे ग्रॅमच्या वर नको. आणि प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस हवं.

अवनी आजोबांना विचारणार होती, पण नारायणरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वर्षालीसमोर सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे पडले होते. रात्रीच्या जेवणाला हे बोलणं चाललं असताना गोपाल भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मी चालीन का?"

अवनीने आईकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"चालेल," ती म्हणाली. "थँक्यू."

ठोकळा आला तेव्हा गोपालने तो हातात घेऊन नखाने दाबून पाहिला. "हे तं सफरचंदाच्या पेटीचं लाकूड," तो म्हणाला. त्याच्या दुकानामागे काश्मीर-हिमाचलहून आलेल्या रिकाम्या पेट्यांची थप्पीच होती. दुसऱ्या दिवशी तो पेट्यांच्या फळ्या घेऊन आला. त्या पातळ होत्या, म्हणून दोन-तीन एकमेकींना चिकटवून त्याने ठोकळ्याएवढे तुकडे केले. अवनीला ही कल्पना आवडली. खरा ठोकळा एकच होता, तो बिघडला तर संपलं. पेटीच्या लाकडाच्या हव्या तेवढ्या गाड्या करता येणार होत्या. चाकांचे जादा संच तिने शुभंकरकडून मागवून घेतले.

गच्चीवर उतार झाला. ओळखीच्या सुताराकडून गोपालने प्लायच्या दोन लांब पट्ट्या कापून आणल्या, त्यांचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर टेकवलं आणि प्रत्येकीच्या मधोमध एक अरुंद पट्टी ठोकली. गाडीची डावी-उजवी चाकं त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी चालायची, म्हणजे गाडी बाहेर पडत नसे.

गोपालच्या डोक्यात पहिल्यापासून एक गाडी तयार होती. पुढून टोकदार, बुटकी, नागाच्या फण्यासारखी.

"हवा कापत जाईन," तो म्हणाला. "आनं वजन पुढं टाकू. बैल पुढंच रायते न गाडीच्या."

"आपल्या गाडीला बैल नाहीये," अवनी म्हणाली.

ती हे चेष्टेने म्हणाली नव्हती, पण गोपालला हसू आलं. मग तिलाही थोडंसं आलं.

तरी तिने त्याचं म्हणणं नाकारलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की करून बघू. पण बघायचं कसं, ते तिने ठरवलं. पेटीच्या लाकडाच्या दोन अगदी सारख्या गाड्या करायच्या. एक कधीही बदलायची नाही; तिचं नाव जुनी. दुसरीत एक बदल करायचा, फक्त एकच, आणि तिला जुनीबरोबर पळवायची. पुन्हा पुन्हा पळवायची. उजव्या-डाव्या पट्टीची अदलाबदल करायची. मगच तो बदल ठेवायचा की टाकायचा ते बोलायचं.

"एका दमात दोन-तीन केले तं?" गोपालने विचारलं.

"मग कशामुळे फरक पडला ते कळणार कसं?"

हे गोपालला पटलं. फवारणीत दोन औषधं एकत्र मारली की कोणतं लागू पडलं हे पंजाबरावांना कधीच सांगता यायचं नाही, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

टोकदार नाकाची गाडी जुनीच्या बरोबरीनेच आली. कधी ही बोटभर पुढे, कधी ती. एवढ्याशा गाडीला हवा फार अडवत नसावी. मग वजन. टायरवाल्याकडून चाकाला लावायचे शिशाचे तुकडे आणून त्यांनी ते आधी पुढे बसवले. गाडी उतारावर बरी चालली आणि सपाटीवर मागे पडली. तेच शिसं मागे, मागच्या चाकांच्या थोडं अलीकडे बसवलं, तर गाडीने जुनीला सरळ मागे टाकलं. दर वेळी.

गोपाल गच्चीवर मांडी घालून बसला. "असं काहून?"

अवनीने गाडी उतारावर ठेवली आणि बोटाने दाखवलं. "सोडताना मागची बाजू वर असते. म्हणजे शिसं जास्त उंचावरून खाली येतं. पुढे असलं की ते आधीच थोडं खाली असतं."

"म्हंजे जो वरच्या फांदीवरून पडला त्याले मार जास्त."

"हो. तसंच."

पण फार मागे नेलं तर नाक हलकं होऊन गाडी डुलू लागली. मध्येच कुठे तरी जागा होती. ती शोधण्यात एक अख्खा रविवार गेला.

नंतर खिळे. भिंगातून पाहिलं तर खिळ्याच्या डोक्याखाली धातूचा बारीक कंगोरा दिसत होता आणि चाक त्यालाच घासत होतं. गोपालने खिळे ड्रिलमध्ये धरून फिरवले आणि अवनीने त्यांना आधी कानस, मग बारीक पॉलिशपेपर लावला. चकचकीत झालेल्या खिळ्यांवर चाक बोटाने फिरवलं तर ते थांबायचं नावच घेईना. हा सगळ्यात मोठा फरक होता. गोपालने त्या आनंदात शिलाई मशीनचं तेल सोडलं, ते गच्चीवरची धूळ धरून बसलं आणि गाडी मंदावली. शिवाय नियमात तेल चालत नव्हतं, हे अवनीने नंतर वाचून दाखवलं. ग्रॅफाइटची भुकटी चालत होती. तिने पेन्सिलचं शिसं किसून घातलं. त्याने चाक खरखरलं. शेवटी कुलपात घालतात ती भुकटी हार्डवेअरच्या दुकानात मिळाली.

मग एक दिवस अवनी म्हणाली की पुढचं डावं चाक केसभर वर उचलू या. जमिनीला लागायलाच नको.

"तीन चाकाची? आटो करून राहिली का तू?"

"चौथं चाक फिरवायला पण जोर लागतो ना. तो वाचेल."

केली. वाचला. गोपालने खाली तोंड करून जिन्यातून वर्षालीला हाक मारली, "ओ मास्तरीन! वर ये, तुही पोरगी आटो पळवून राहिली!" वर्षाली पेपर तपासायचं लाल पेन हातात घेऊनच वर आली. तिने पाहिलं, दोन्ही गाड्या पुन्हा सोडायला लावल्या, आणि पुन्हा पाहिलं.

डिसेंबरच्या शेवटी खऱ्या ठोकळ्याची गाडी तयार झाली. सगळे ठरलेले बदल तिच्यात घातले. रंग नाही, सजावट नाही, पाचरीसारखा साधा आकार. गच्चीवर ती जुनीच्या एवढी पुढे येत होती की अवनीने जुनीला पळवणंच सोडून दिलं.

चूक झाली ती इथेच. ती गोपालची होती.

शुक्रवारी दुपारी दुकान मंद होतं आणि अवनी शाळेत होती. गोपालच्या मनात आलं की एवढी चांगली गाडी अशी कोऱ्या लाकडाची न्यायची म्हणजे बरं दिसत नाही. अकोल्याला सगळे असतील, तिचे मित्र असतील, नारायणराव असतील. त्याने चाकं खिळ्यांसकट उपटली, अंगाला जरा गोलाई दिली, पुढचं नाक कमी केलं आणि गाडीला संत्र्याच्या रंगाचा चकाकता ऑइलपेंट दिला. दोन हात. बाजूला काळ्या अक्षरांत "अवनी" लिहिलं. वाळल्यावर खिळे ठोकून बसवले. शेजारच्या दुकानदारांना दाखवली. सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी त्याने ती गच्चीच्या उतारावर सगळ्यात वर ठेवली आणि अवनीला काही न सांगता खाली येऊन चहा घेत बसला.

अवनी वर गेली. मग गाडी घसरल्याचा, पट्टीला घासल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. मग जिन्यातून पाय आपटत ती खाली आली. गाडी तिच्या हातात होती आणि चेहरा लाल झाला होता.

"गोपालभाऊ!"

चहाचा कप गोपालच्या हातातच राहिला. बाजारात त्याला सगळे याच नावाने ओळखत. घरात ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं.

"कोणी सांगितलं हात लावायला? एका वेळी एकच बदल, ठरलं होतं ना आपलं? आकार बदलला, रंग दिला, खिळे काढले! भोकात रंग गेलाय! चाक वर होतं ते खाली आलंय, पट्टीला घासतेय नुसती! आता यातलं काय कशामुळे झालं, सांगा! सांगा ना!"

"अवनी," वर्षाली स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली, "ही काय बोलायची पद्धत?"

"तू मध्ये नको पडू, आई! तुला नाही माहीत यांनी काय केलंय! एक तर न विचारता केलं आणि वर माझं नाव लिहून ठेवलंय!"

तिने गाडी टेबलावर ठेवली, आपटली मात्र नाही, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

वर्षाली खुर्चीवर बसली. ती घाबरली होती. वर्षभर जे होऊ नये म्हणून जपलं तेच झालं असं तिला वाटत होतं. गोपालने गाडी उचलली, भोकांत डोकावून पाहिलं.

"बरोबर बोलून राहिली ते," तो म्हणाला. "रंग गेलाच आतमधी."

"म्हणून असं ओरडायचं? आणि भाऊ काय, तुम्ही काय तिचे..."

"राहू दे."

"मी सांगते तिला."

"काही नोको सांगू." गोपालने कप खाली ठेवला. "आमी आमच्या बापाले भाऊच म्हनतो. शेंदूरजन्यात घरोघरी तेच. तिले नाई माहीत. माहीत नसलंच बरं, नाई तं पुन्हा थँक्यू म्हनत बसन."

वर्षाली त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस ओरडा खाऊन खूश झाला आहे, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

रात्री गोपाल दारावर टकटक करून म्हणाला, "चूक झाली माह्याकून. रंग काढाचा का नवी कराची, तू सांग."

सकाळी अवनी पॉलिशपेपर घेऊन गच्चीवर बसलेली होती. नवी करायला दुसरा ठोकळा नव्हता. तिने हुकूम सोडायला सुरुवात केली आणि गोपालने ते पाळले. रंग खरवडायचा, भोकं साफ करायची, जुनी भोकं सैल झाली होती म्हणून काड्या आणि सरस भरून नवी पाडायची. प्रत्येक खिळा बसवला की थांबायचं, गाडी सोडायची, बघायची, मग पुढचा. ती चिडचिडत होती. "अहो तिरपं धरताय!" "भाऊ, हळू!" तोही मध्ये मध्ये चिडला. "धरून तं राहिलो बाप्पा, दिसत नाई का?" वर्षाली खाली कपडे वाळत घालत हे ऐकत होती. तीन दिवस हे चाललं. गाडी पहिल्याइतकी पळू लागली, पण नाक कमी झाल्यामुळे वजन भरून काढायला शिसं थोडं वाढवावं लागलं. रंगाचे केशरी डाग लाकडात काही ठिकाणी राहिले, ते राहू दिले.

शर्यतीच्या दिवशी तिघं गोपालच्या टेम्पोतून भल्या सकाळी निघाली. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला शाळेच्या सभागृहात पोचली तेव्हा वजनाची रांग लागली होती. शुभंकर आपल्या मामांबरोबर पुढे उभा होता. त्याची गाडी निळी आणि गुळगुळीत होती. नारायणराव काळा चष्मा लावून पहिल्या ओळीत बसले होते. गोपालने वाकून नमस्कार केला, त्यांनी "बसा, बसा" म्हटलं.

काट्यावर गीतांजली मॅडम होत्या, मंडळाच्या कार्यकर्त्या. अवनीची गाडी ठेवल्यावर त्यांनी मान हलवली.

"थोडी जास्त आहे गं. घरी कशावर मोजली?"

"दुकानच्या काट्यावर," गोपाल म्हणाला. "फळं मोजतो त्याच्यावर."

"त्यावर ग्रॅम-दोन ग्रॅम कळत नाही हो. कमी करून आणा, पहिली फेरी व्हायची आहे."

दोघं भिंतीशी जाऊन बसले. गोपालने खिशातली पक्कड काढली. "शिशाचा कोपरा तोडतो. झालं."

"नको!" अवनीने गाडी मागे घेतली. "शिसं कमी केलं तर वेग जाईल. नाकाचं लाकूड तासू."

"नाक आंधीच कमी केलं मी. आखीन केलं तं डुलन ते."

"थोडंच तासायचंय."

"शिसं तोड, माहं ऐक."

"गाडी माझी आहे, भाऊ."

आजूबाजूचे लोक बघत होते. गोपालने पक्कड खिशात टाकली आणि शुभंकरच्या मामांकडून कानस मागून आणली. अवनीने नाकाचं लाकूड तासलं. काटा बरोबर आला.

पहिल्या फेरीत अवनीची गाडी सहज पुढे आली. दुसऱ्या फेरीतही जिंकली, पण गोपालला काहीतरी दिसलं. उतार संपून सपाटी सुरू होते तिथे गाडीचं नाक किंचित उचललं गेलं होतं. त्याने अवनीकडे पाहिलं. तिलाही दिसलं होतं. तरी दोघांनी गाडी तशीच पुढच्या फेरीला लावली.

उपांत्य फेरीत शुभंकरची निळी गाडी शेजारच्या पट्टीवर होती. उतारावर अवनीची पुढे होती, सगळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी पुढे. मग तो सांधा आला. नाक उचललं, पुढचं एकुलतं एक चाक क्षणभर टेकलंच नाही, गाडी डावीकडे गेली, पट्टीला आपटली, उजवीकडे गेली, पुन्हा आपटली. निळी गाडी शांतपणे तिच्या बाजूने निघून गेली.

अवनी गाडी उचलून आणायला गेली आणि परत येताना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वर्षाली उठायला लागली. गोपालने तिला हाताने थांबवलं आणि स्वतःही लगेच गेला नाही. जरा वेळाने गेला.

"तुमचं बरोबर होतं," अवनी भिंतीला म्हणाली. "शिसंच तोडायला पाहिजे होतं."

"माहं कशाचं बरोबर? मले घाई होती म्हनून म्हनलो मी. पक्कड खिशात होती न."

ती वळली. डोळे ओले होते, पण ती त्याच्याकडे निरखून बघत होती, हा समजूत काढायला बोलतोय की खरं सांगतोय ते पारखत. खरंच सांगत होता. पक्कड खिशात नसती तर त्यानेही कदाचित लाकूडच तासलं असतं.

"तिसऱ्या नंबराची फेरी बाकी आहे," ती म्हणाली.

"हाय न. दुरुस्तीले वेळ देतात का?"

"देतात. फक्त परत वजन करायचं."

दोघं पुन्हा खाली बसले. आता अवनी आणि गोपाल दोघंही एकदम बोलायला लागले, आणि दोघंही तेच सांगत होते. मागच्या शिशाचा एक तुकडा तोडायचा आणि तोच नाकाखाली चिकटवायचा. वजन तेवढंच राहील, पुढचं चाक टेकेल. थोडा वेग जाईल, जाऊ दे. किती तुकडा तोडायचा यावर वाद झाला. गोपाल हरभऱ्याएवढा म्हणत होता, अवनी मुगाएवढा. मध्ये ठरलं. शुभंकरने आपल्याकडची चिकटपट्टी दिली आणि तो तिथेच उकिडवा बसून बघत राहिला. त्याची अंतिम फेरी व्हायची होती, पण त्याला हेच बघायचं होतं.

"तीन चाकं?" त्याने गाडी उलटी करून विचारलं. "हे कोणाचं डोकं?"

"माझं," अवनी म्हणाली. मग जरा थांबून, "खिळे भाऊंनी फिरवले."

तिसऱ्या नंबराच्या फेरीत वाशीमच्या एका मुलाची गाडी समोर होती. तीही चांगली होती. दोन्ही गाड्या सांध्यापर्यंत बरोबर आल्या. अवनीच्या गाडीचं नाक या वेळी खाली राहिलं. ती सरळ गेली, कुठेही न घासता गेली, आणि वाशीमच्या गाडीच्या अर्ध्या लांबीने पुढे पोचली. अवनीने उडी मारली नाही. तिने गोपालकडे बघून मान हलवली, जशी गच्चीवर एखादा बदल ठेवायचा ठरला की हलवायची. नारायणराव मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्या माणसाला विचारत होते, "आपलीच आली ना? मला नीट दिसलं नाही."

अंतिम फेरी शुभंकर हरला. सगळ्यात वेगवान गाडी बुलढाण्याच्या एका मुलीची निघाली. तिने आणि तिच्या आजोबांनी चाकंच आतून पोकळ केली होती. अवनीने तिच्याकडे जाऊन ती चाकं हातात घेऊन पाहिली, ती कशाने कोरली ते विचारलं. बक्षिसाचा छोटा कप नारायणरावांनी आपल्या घरी जेवताना टेबलावर मधोमध ठेवला. जेवण झाल्यावर त्यांनी गोपालला अंगणात नेऊन संत्र्याच्या एका रोपाची पानं वळताहेत ते दाखवलं आणि काय करू ते विचारलं. लग्नानंतर त्यांनी गोपालला काही विचारण्याची ही पहिली वेळ होती. गोपालने पानं उलटून पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मले नाई समजून राहिलं. फोटो काढून भाऊले पाठोतो, ते सांगतीन."

परतताना मूर्तिजापूरला तिघं चहासाठी थांबली. ऊन उतरलं होतं. टपरीच्या बाकावर अवनी मध्ये बसली होती, गाडी मांडीवर.

"बाबा असते ना," ती अचानक म्हणाली, "तर आम्ही पहिल्याच फेरीत हरलो असतो."

वर्षालीचा पेला ओठाशी थांबला. अवनी घरात योगेशचं नाव काढत नसे. अकोल्यातही फारसं नाही; अमरावतीला आल्यापासून तर एकदाही नाही.

गोपालने बिस्किट चहात बुडवलं. "काहून?"

"त्यांना खिळा ठोकता यायचा नाही. कसलाच. अंगठ्यावर मारून घ्यायचे आणि मग ज्याने खिळा बनवला त्याच्यावर केस करतो म्हणायचे."

गोपाल मोठ्याने हसला. "मंग घरात फोटोगिटो कोन लावे?"

"आई. नाहीतर आजोबा. बाबा खाली उभे राहून सांगायचे, डावीकडे, अजून डावीकडे."

"आमच्या दुकानातही हाय एक तसा. आनखीन काय करत?"

अवनी सांगायला लागली. कोर्टातून आले की काळा कोट तिच्या अंगावर घालायचे. तिला साक्षीदार करून उलटतपासणी घ्यायचे, शेंगदाण्याचा डबा कोणी रिकामा केला म्हणून. गोपाल एकेक प्रश्न विचारत होता, तिला आठवत होतं ते ती सांगत होती, काही आठवत नव्हतं तिथे आईकडे बघत होती. टेम्पोत बसल्यावरही तेच चालू राहिलं.

"आणि खिळा एकदाही नाही ठोकला," अवनी म्हणाली. "कधीच."

"खोटं," खिडकीशी बसलेली वर्षाली पहिल्यांदा बोलली. "एकदा ठोकला होता. तू पाळण्यात होतीस. भिंतीवरच्या घड्याळासाठी. दोन तास लागले त्यांना."

"मग?"

"मग काय, घड्याळ पडलं."

गोपालने गिअर बदलला, आणि बडनेऱ्याचा उड्डाणपूल येईपर्यंत वर्षाली त्या दोघांना घड्याळाची सगळी हकिगत सांगत होती.